वेशीबाहेरची जमीन आणि आपण: शुगर लँडमधल्या मराठी कुटुंबांसाठी

जून महिन्यात हायवे ५९ ने रोझेनबर्ग गाठून ३६ नंबरच्या रस्त्याने नीडव्हिलकडे निघालात, की वाटेत तांबूस कणसांची ज्वारी दिसते. ऑगस्टमध्ये याच पट्ट्यात कापूस फुटलेला असतो. वेचणीची यंत्रे पिवळ्या किंवा गुलाबी प्लॅस्टिकात गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे शेतात सोडत पुढे सरकतात. या भागात बरीच माती काळी आणि चिकण आहे. उन्हात तिला भेगा पडतात आणि पाऊस झाला की ती फुगते. सोलापूर-परभणीच्या माणसाला या मातीची ओळख करून द्यावी लागत नाही.

हा पट्टा झपाट्याने आटतो आहे. फोर्ट बेंड काउंटीची लोकसंख्या १९७० मध्ये ५२,३१४ होती. २००० मध्ये ती ३,५४,४५२ झाली आणि २०२० च्या जनगणनेत ८,२२,७७९. शुगर लँड शहर त्याच जनगणनेत १,११,०२६ वर पोचले. शहराच्या हद्दीत मोकळी जागा फारशी उरलेली नाही, म्हणून नवी वस्ती रिचमंड, रोझेनबर्ग, फुलशिअर या बाजूंना सरकते आहे. तिथे घरे घेणाऱ्यांत आपली माणसेही पुष्कळ आहेत. मुलांना चांगली शाळा हवी, आईवडील भारतातून आले तर त्यांना तळमजल्यावर खोली हवी, पुढे-मागे अंगण हवे. या अपेक्षा रास्तच आहेत.

तरीही एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने पक्की ध्यानात ठेवायला हवी. शहराबाहेरच्या एखाद्या शेताचे काय करायचे हे ठरते, तेव्हाच आपल्या नळाच्या पाण्याचे, करांचे आणि पुराचे भवितव्यही थोडेथोडे ठरत असते. बुलडोझर शेतात उतरला की बोलण्याची वेळ गेलेली असते. बोलायचे ते त्याआधी, आणि त्याआधी बोलण्याच्या जागा आपल्याला उघड्या आहेत. त्या कुठे आहेत आणि तिथे काय करायचे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

मोकळी जमीन आपल्यासाठी काय करते

पहिले काम पाण्याचे. इथली मूळ गवताळ जमीन, म्हणजे कोस्टल प्रेअरी, आता मूळ रूपात एक टक्काही शिल्लक नाही. तिच्या गवतांची मुळे कित्येक फूट खोल जातात आणि पावसाचे पाणी थोपवून धरतात. शेतही काही प्रमाणात हे काम करते. त्याच जमिनीवर छपरे, रस्ते आणि पार्किंग आले, की तेवढाच पाऊस कितीतरी वेगाने गटारात, गटारातून ऑइस्टर क्रीकसारख्या ओढ्यांत आणि शेवटी ब्राझोस नदीत उतरतो. बिल्डरला तलाव खोदून हे पाणी अडवावे लागते. वसाहतीतली ती ‘लेक’ बहुतेक वेळा याच कामाची असते. पण तलाव किती मोठा असावा याचे गणित पावसाच्या अंदाजावर बसते, आणि अंदाज बदलतात. २०१८ मध्ये राष्ट्रीय हवामान संस्थेने टेक्सससाठी नवे आकडे काढले. शंभर वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊस ह्यूस्टन परिसरासाठी पूर्वी १३ इंच धरला जात होता, तो सुमारे १८ इंच धरावा लागेल असे ठरले. जुन्या वसाहती जुन्या आकड्यांवर उभ्या आहेत हे विसरून चालणार नाही.

हार्वी वादळात, २०१७ मध्ये, ब्राझोस रिचमंडजवळ ५५ फुटांच्या वर चढली. तो आजवरचा उच्चांक आहे. शुगर लँड आणि आसपासच्या अनेक वसाहती नदीकाठच्या मातीच्या बांधांआड, म्हणजे लेव्हीआड आहेत. लेव्हीने वेढलेली वसाहत ही मोठ्या परातीसारखी असते. काठ उंच असल्याने बाहेरचे पाणी आत येत नाही, पण आत पडलेला पाऊसही आपोआप बाहेर जात नाही. नदी चढली की झडपा बंद होतात आणि आतले पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकावे लागते. पंपांच्या ताकदीपेक्षा जास्त पाऊस झाला तर लेव्ही शाबूत असूनही घरात पाणी शिरते. म्हणून वरच्या अंगाला नदीत किती पाणी किती वेगाने उतरते, हा लेव्हीच्या आत राहणाऱ्या माणसाचाही प्रश्न आहे.

दुसरे काम जमिनीखाली चालते. ह्यूस्टनच्या भोवताली दशकानुदशके विहिरींतून एवढा उपसा झाला, की खालचे मातीचे थर दबले आणि जमीन खचली. बेटाउनमधली ब्राउनवुड ही वसाहत खचत खचत खाडीच्या पाण्याच्या पातळीला आली आणि १९८३ च्या अलिशिया वादळानंतर ती सोडून द्यावी लागली. हे लोण इकडे येऊ नये म्हणून १९८९ मध्ये फोर्ट बेंड सबसिडन्स डिस्ट्रिक्ट स्थापन झाले आणि भूजल कमी करून नदीचे पाणी वापरण्याची सक्ती आली. शुगर लँडने २०१३ मध्ये स्वतःचे जलशुद्धीकरण केंद्र सुरू केले. ते ऑइस्टर क्रीकचे पाणी घेते, आणि त्या ओढ्यात ब्राझोसचे पाणी उचलून सोडले जाते. म्हणजे जी नदी पुराची धास्ती देते, तीच आपली तहानही भागवते. तिच्या काठची जमीन कशी वापरली जाते याकडे आपले लक्ष हवे, ते यासाठी.

निर्णय नेमका कोण घेते

भारतातून आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याला विकास आराखडा, ग्रीन झोन, यलो झोन, कलेक्टरची एनए परवानगी ही चौकट माहीत असते. टेक्ससची चौकट वेगळी आहे आणि ती समजल्याशिवाय कुठे दाद मागायची हे कळत नाही.

शुगर लँड शहराला झोनिंगचा अधिकार आहे आणि ते तो वापरते. शेजारच्या ह्यूस्टनमध्ये झोनिंगच नाही. शहराच्या हद्दीत कुठे घरे, कुठे दुकाने, कुठे उद्यान हे प्लॅनिंग अँड झोनिंग कमिशन आणि सिटी कौन्सिल ठरवतात. पुढच्या काळातला जमिनीचा वापर कसा असावा याचा आराखडा कौन्सिलने २०१८ मध्ये मंजूर केला.

हद्द संपली की चित्र पालटते. टेक्ससमधल्या काउंट्यांना सर्वसाधारणपणे झोनिंगचा अधिकार नाही. काउंटी प्लॅट, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याचा नकाशा, तपासते, रस्ते आणि पाण्याचा निचरा पाहते, पण ‘इथे शेतीच राहू द्या’ असे सांगू शकत नाही. एक लाखावर लोकसंख्येच्या शहराला कायद्याने हद्दीबाहेर ५ मैलांपर्यंत काही नियंत्रण असते, अर्थात शेजारच्या शहरांच्या सीमा सांभाळून. या पट्ट्याला इथे ईटीजे म्हणतात. पण २०१९ पासून रहिवाशांच्या किंवा जमीनमालकांच्या संमतीशिवाय हद्दवाढ करणे शहरांना जवळजवळ अशक्य झाले आहे. २०२३ च्या कायद्याने तर जमीनमालकाला अर्ज करून ईटीजेतून बाहेर पडण्याची वाट मोकळी करून दिली. न्यू टेरिटरी आणि ग्रेटवुड या वसाहती शहरात आल्या त्या डिसेंबर २०१७ मध्ये; आज तसे करणे इतके सोपे नाही.

मग हद्दीबाहेरच्या वसाहतीला पाणी, सांडपाणी, निचरा कोण पुरवते? म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, लोकांच्या बोलण्यात ‘मड’. विकसक राज्याकडे अर्ज करून मड स्थापन करतो, पाइप आणि तलाव बांधतो, आणि तो खर्च रोखे काढून पुढे घरमालकांच्या मालमत्ता करातून वसूल होतो. लेव्ही सांभाळण्यासाठी लेव्ही इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे एलआयडी, असते. तिचा कर वेगळा. मडच्या संचालक मंडळावर पाच जण असतात आणि त्यांची निवडणूक समसंख्येच्या वर्षी, बहुधा मे महिन्यात, होते. मतदान इतके कमी होते, की एका गल्लीतल्या लोकांनी मनावर घेतले तरी निकाल बदलू शकतो. शेत ते वसाहत हा प्रवास ज्या टेबलावर पक्का होतो, ते बहुधा हेच टेबल.

घर किंवा प्लॉट घेण्याआधी

सजवलेले नमुनाघर पाहून मन भरते. तरी सही करण्याआधी पुढच्या गोष्टी स्वतः तपासा. एजंट कितीही भला असला तरी हे काम त्याच्यावर सोपवू नका.

संघराज्याची आपत्ती व्यवस्थापन संस्था फेमा हिचा पूरनकाशा पाहा. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना निळी आणि लाल पूररेषा माहीत आहे. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. फेमाच्या नकाशात ‘एई’सारख्या विभागात दरवर्षी पुराची शक्यता किमान एक टक्का धरलेली असते. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो साधारण २६ टक्क्यांवर जातो. लेव्हीआडची घरे नकाशावर बहुधा ‘एक्स’ विभागात दिसतात आणि बँक पूरविमा सक्तीचा करत नाही. तरीही विमा घ्या. नेहमीच्या घरविम्यात पूर बसत नाही, आणि सरकारी पूरविमा घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळ आखातात शिरल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

प्लॅट उघडून वाचा, विशेषतः त्यावरच्या बारीक अक्षरांतल्या टिपा. याचे महत्त्व फोर्ट बेंडइतके कुणी किंमत मोजून शिकले नसेल. ह्यूस्टन शहराला पुरापासून वाचवण्यासाठी लष्कराच्या अभियंता दलाने १९४० च्या दशकात ॲडिक्स आणि बार्कर हे एरवी कोरडे राहणारे जलाशय बांधले. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पसरेल तेवढी सगळी जमीन सरकारने विकत घेतली नव्हती. उरलेल्या जमिनीवर आधी भातशेती आणि गुरे होती, पुढे सिंको रँचच्या बाजूला वसाहती आल्या. बार्करचे पाणी इथवर येऊ शकते, अशी टीप काही प्लॅटवर छापलेली होती. किती लोकांच्या ती नजरेस पडली असेल? २०१७ मध्ये पाणी आले आणि हजारो घरांत शिरले. २०१९ मध्ये संघराज्य न्यायालयाने या घरांच्या नुकसानीसाठी सरकारला जबाबदार धरले. पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत माणसांनी भिजलेल्या भिंती कापून काढल्या होत्या आणि आयुष्याची बचत दुरुस्तीत घातली होती.

विक्रेत्याचे निवेदन मागा. २०१९ पासून टेक्ससमध्ये घर विकणाऱ्याला आधी पाणी शिरले होते का, घर पूरक्षेत्रात किंवा जलाशयाच्या फुगवट्यात येते का, हे लिहून द्यावे लागते. मडची नोटीसही करार करण्याआधीच मिळाली पाहिजे. त्यात कराचा दर आणि रोख्यांचे कर्ज लिहिलेले असते. शुगर लँड शहराचा कर गेली काही वर्षे शंभर डॉलर मूल्यामागे ३५ सेंटच्या आसपास आहे; नव्या वसाहतीतला मडचा कर एक डॉलरच्या घरात किंवा त्याहून जास्त असू शकतो. मासिक हप्त्याचे गणित मांडताना ही रक्कम धरलीच पाहिजे. शहरापासून जितके लांब तितके घर स्वस्त, हा हिशेब मग अनेकदा तितकासा खरा उरत नाही. त्यात रोजच्या गाडीप्रवासाचा खर्च आणि वेळ धरला तर आणखीच बदलतो.

आणि शेजारच्या मोकळ्या शेताबद्दल विचारा. ‘मागे सगळे मोकळे आहे’ हे वाक्य ऐकून घर घेऊ नका. ती जमीन कुणाच्या नावावर आहे हे फोर्ट बेंड सेंट्रल ॲप्रेझल डिस्ट्रिक्टच्या नोंदींत कुणालाही पाहता येते. मालक विकसक कंपनी असेल तर तिथली ज्वारी चार दिवसांची पाहुणी समजा.

नोटीस वाचा, सभेला जा

शहराच्या हद्दीत एखाद्या जमिनीचे झोनिंग बदलायचे असेल, तर राज्याच्या कायद्यानुसार किमान २०० फुटांच्या आतल्या मालकांना टपालाने कळवावे लागते. हे पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात सहज हरवते. शहराच्या नावाचा लिफाफा दिसला की तो त्याच दिवशी उघडा. सभांची विषयपत्रिका काही दिवस आधी शहराच्या आणि काउंटीच्या संकेतस्थळांवर लागते. काउंटीचा कारभार रिचमंडमधल्या कमिशनर्स कोर्टात चालतो.

मत देण्याचा अधिकार नागरिकांनाच आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी असलेली आपली कितीतरी कुटुंबे त्यामुळे सार्वजनिक कामापासून चार हात लांब राहतात. पण बोलायला नागरिकत्व लागत नाही. टेक्ससच्या २०१९ च्या कायद्याने विषयपत्रिकेवरच्या विषयावर लोकांना बोलू देणे बंधनकारक केले आहे. तुम्ही इथे राहता, कर भरता, मुले इथल्या शाळेत आहेत. तुमचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटे मिळतात. एकच मुद्दा घ्या. ‘विकास नको’ असे म्हणून बसण्यापेक्षा नेमका प्रश्न विचारलेला बरा. या प्रकल्पाच्या तलावांची क्षमता २०१८ च्या नव्या पावसाच्या आकड्यांवर काढली आहे का? ओढ्याकाठी किती रुंद पट्टा मोकळा ठेवणार? पाणी विहिरीचे की नदीचे? शेजारच्या शेतातून येणारा नैसर्गिक ओघळ कुठे वळवणार? उत्तर लेखी मागा. पाच कुटुंबांनी मिळून एकाच पत्रावर सह्या केल्या, तर त्याचे वजन पाच वेगळ्या तक्रारींहून जास्त असते. मडच्या सभा पुष्कळदा हद्दीबाहेर वकिलांच्या कार्यालयात भरतात. वस्तीतल्या मतदारांनी लेखी मागणी केली तर सभा हद्दीत घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ह्यूस्टन महाराष्ट्र मंडळात आपण गणेशोत्सवाच्या समित्या किती नेटाने चालवतो! त्याच नेटाने चार-पाच जणांनी मड आणि एलआयडीच्या सभांची जबाबदारी वाटून घेतली, तर वर्षभरात सगळ्या वसाहतीला उपयोग होईल.

जमिनीचा इतिहास विचारा

आराखड्यात रस्ते, पाइप, तलाव असतात. त्या जमिनीवर कोण राबले हे नसते. शुगर लँडचे नाव उसावरून आले. इंपीरियल शुगर आपला वारसा १८४३ पर्यंत मागे नेते. शुद्धीकरणाचा कारखाना २००३ मध्ये बंद झाला. ऊस आधी गुलामांनी आणि गुलामगिरी संपल्यावर भाड्याने दिलेल्या कैद्यांनी पिकवला. पुढे या भागात तुरुंगाची शेती होती. टेलफेअरसारख्या वसाहती त्याच जमिनीवर उभ्या आहेत. रेजिनल्ड मूर हे तुरुंगातले माजी पहारेकरी. इथे कैद्यांच्या कबरी असल्या पाहिजेत, असे ते वर्षानुवर्षे सांगत होते. २०१८ मध्ये फोर्ट बेंड शाळा विभागाच्या बांधकामात ९५ कृष्णवर्णीयांचे अवशेष सापडले. मूर २०२० मध्ये गेले. जमिनीची माहिती असलेल्या माणसाचे वेळीच ऐकले असते, तर त्या मृतांची आणि त्यांच्या वंशजांची एवढी परवड झाली नसती. नव्या प्रकल्पाच्या सभेत म्हणूनच हाही प्रश्न विचारा: इथे आधी काय होते आणि ते कुणी तपासले?

अंगणापासून सुरुवात

मोठ्या निर्णयांना वेळ लागतो. दरम्यान स्वतःच्या वाफ्यात बरेच करता येते. सेंट ऑगस्टीन गवताचे हिरवेगार अंगण उन्हाळ्यात पाणी खाते, आणि त्यावर टाकलेले खत पहिल्या सरीबरोबर ओढ्यात जाते. अंगणाचा निम्मा भाग तरी गल्फ म्युली गवत, टर्क्स कॅप, कोनफ्लॉवर अशा इथल्या झाडांना द्या. खोलगट जागी पाणी साचून मुरेल असा वाफा करा, मात्र घराच्या पायापासून लांब. ही काळी माती फुगते आणि आकसते, त्यामुळे पायाजवळ ओलावा कमी-जास्त न होता एकसारखा राहिला पाहिजे.

एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना, काय म्हणेल, ही भीती अनेकांना असते. टेक्ससच्या कायद्याने पावसाचे पाणी साठवणारी पिंपे, कंपोस्ट, ठिबक सिंचन आणि कमी पाण्याची झाडे यांवर एचओएला सरसकट बंदी घालता येत नाही. जागा, रंग, आकार यांचे नियम ती करू शकते. आधी नियम वाचा, आराखडा काढून मंजुरी घ्या आणि मग फावडे हाती घ्या. काय लावावे, माती कशी तपासावी यासाठी रोझेनबर्गमध्ये टेक्सस ए अँड एमच्या ॲग्रीलाइफ एक्स्टेन्शनचे कार्यालय आहे.

शेत टिकवायचे तर शेतमाल घ्या

शेतकऱ्याला शेती परवडली तरच तो विकसकाला नाही म्हणू शकतो. शुगर लँडमध्ये जुन्या इंपीरियल कारखान्याच्या परिसरात शनिवारी शेतकरी बाजार भरतो. भेंडी इथे उन्हाळ्यात जोमाने येते; चवळी, वांगी, भोपळाही. आठवड्याची भाजी काही प्रमाणात तिथून घ्या आणि शेतकऱ्याशी बोला. आपल्याला गवार, मेथी, ओली हळद हवी असते. मागणी कळली तर पिकवणारे पुढे येतात. हंगामाचे पैसे आधी भरून दर आठवड्याला भाजीची टोपली घेण्याची पद्धतही इथे आहे. लावणीच्या वेळी हातात पैसा आल्याने शेतकऱ्याला त्याचा मोठा आधार होतो. ह्यूस्टनमध्ये प्लांट इट फॉरवर्ड ही संस्था निर्वासित कुटुंबांना शहरातल्या मोकळ्या जागांवर शेती करायला मदत करते. रिचमंडमधल्या हार्वेस्ट ग्रीन या वसाहतीने तर शेतच वसाहतीच्या मधोमध ठेवले आहे. असे शेत मोठ्या शेतीची जागा घेऊ शकत नाही. पण विकसकाला ग्राहकाची मागणी कळते, हे त्यातून दिसते. घर पाहताना तुम्हीही मोकळ्या जमिनीची मागणी करा.

दोन-पाच एकर घेतले असतील तर

आपल्यातल्या काहींनी काउंटीच्या कडेला जमीन घेतली आहे. टेक्ससमध्ये शेतीखालच्या जमिनीवर बाजारभावाऐवजी उत्पन्नक्षमतेवर कर लागतो. त्यासाठी साधारणपणे आधीच्या सात वर्षांपैकी पाच वर्षे तिथे शेती झालेली असावी लागते. शहराच्या हद्दीत अटी आणखी कडक आहेत. पाच ते वीस एकरांवर मधमाश्या पाळल्या तरी ही सवलत मिळू शकते. अर्ज एप्रिलअखेरपर्यंत ॲप्रेझल डिस्ट्रिक्टकडे करायचा असतो. पुढे जमिनीचा वापर बदलला तर मागच्या तीन वर्षांचा कर-फरक भरावा लागतो. सवलत घ्यायची तर शेती खरी करा. प्लॉट पाडेपर्यंत कर वाचवायला नावापुरते चार गठ्ठे गवत कापणे हे त्या कायद्याच्या हेतूशी प्रामाणिक नाही.

जमीन कायम मोकळी ठेवण्याची इच्छा असेल, तर संवर्धन करार हा मार्ग आहे. जमीन तुमच्या नावावर राहते, शेती-चराई चालू राहते, विकता येते, वारसांना देता येते. फक्त तिथे वसाहत उभारण्याचा हक्क कायमचा सोडून दिला जातो. बदल्यात संघराज्याच्या आयकरात वजावट मिळू शकते. केटी प्रेअरी वाचवण्यासाठी १९९२ मध्ये स्थापन झालेली संस्था, जी आता कोस्टल प्रेअरी कॉन्झर्व्हन्सी या नावाने ओळखली जाते, असे करार आणि खरेदी यांतून हजारो एकर जमीन राखते आहे. हा निर्णय माघारी फिरवता येत नाही, म्हणून वकील आणि कर-सल्लागाराशी बोलूनच घ्या.

गावाकडची जमीनही याच हिशेबात

आपल्यापैकी अनेकांच्या नावावर वारशाने मुळशी, हवेली, इगतपुरी किंवा कर्जतकडे शेती आहे. परदेशस्थ भारतीयाला परकीय चलनाच्या नियमांनुसार शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. सात-बारावर वारस नोंद करून घ्या, जमीन पडीक ठेवू नका. भावकीत किंवा गावात कसणारा असेल तर रीतसर लेखी करार करून द्या. ‘एनए होणार आहे’ असे सांगून गुंठ्यागुंठ्याने विकणाऱ्यांच्या नादी लागण्याआधी झोन दाखला मागवा. जमीन विकसित करायचीच असेल तर हडपसरचे मगरपट्टा डोळ्यांसमोर ठेवा. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि ती कुटुंबे जमिनीच्या प्रमाणात कंपनीची भागधारक झाली. शहर वाढले आणि जमिनीचा धनीही त्यात टिकला. ब्राझोसच्या काठी असो की मुळेच्या, शहराने शेत गिळताना शेतकऱ्याला हद्दपार करायचे नसते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

सुरुवात कुठून

हे सगळे एकदम करणे कुणालाच जमणार नाही. या महिन्यात आपल्या घराच्या प्लॅटची आणि फेमाच्या नकाशाची प्रत काढा आणि पूरविमा आहे की नाही ते पाहा. पुढच्या महिन्यात मड किंवा एलआयडीच्या एका सभेला जा, नुसते ऐका. कोण काय बोलतो, पैसा कुठे जातो हे कळेल. मग शेजारच्या दोन कुटुंबांना सोबत घ्या. नागरिक असाल तर मेमधल्या त्या लहानशा निवडणुकीत मत द्या आणि जमल्यास उभे राहा. अंगणाचा एक कोपरा इथल्या गवताला आणि फुलांना द्या, आठवड्याची भाजी जवळच्या शेतातून आणा.

आपण इथे पाहुणे म्हणून आलो असू, पण आता मुलांचे घर इथेच आहे. नीडव्हिलच्या वाटेवरची काळी माती, ऑइस्टर क्रीकचे पाणी आणि ब्राझोसचा पूर यांच्याशी त्यांचे आयुष्य बांधलेले आहे. त्या मातीवर काय व्हावे, हे ठरवणाऱ्या खोलीत एखादी खुर्ची रिकामी असते. ती आपली आहे असे समजून तिथे जाऊन बसा आणि पहिला प्रश्न विचारा.